लेखकाच्या ओळीतलं माझं नाव

फाईलच्या दुसऱ्या ओळीत माझं नाव होतं आणि ते खोटं होतं. खोटं आहे हे मला ठाऊक होतं, तरी मी ते आठ महिने तसंच राहू दिलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे. कंपनीवर, आमच्या साहेबांवर, मुख्य कार्यालयातून आलेल्या एका गृहस्थांवर. त्यांच्यावर चिडता चिडता स्वतःला वगळण्याची मला सवय आहे, आणि ती सवयच या सगळ्याच्या मुळाशी आहे.

मी पेणला राहतो. रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांची एक कंपनी आहे, तिथे कॉम्प्युटरचं काम बघतो. वीस वर्षं झाली. सकाळी कंपनीची बस वडखळ, नागोठणे करत जाते, संध्याकाळी तशीच परत आणते. आमच्या विभागात चौघं. काम सांगायला सोपं आहे. प्लांटमध्ये जागोजागी मीटर बसवलेले असतात, टाकीत किती माल आहे, कुठे किती गरम आहे, सांडपाणी बाहेर सोडण्याआधी त्यात काय काय आहे. हे आकडे दर तासाला आमच्याकडे येतात. ते नीट आले का, शंकास्पद काही आहे का, हे बघायचं आणि असेल तर शिफ्टच्या माणसांना कळवायचं. एवढे आकडे माणूस डोळ्यांनी बघत बसू शकत नाही. म्हणून आम्ही स्क्रिप्ट लिहितो. स्क्रिप्ट म्हणजे एक साधी फाईल, जिच्यात कॉम्प्युटरने एकामागून एक काय करायचं ते लिहिलेलं असतं.

अशी नवी फाईल सुरू करताना दर वेळी तेच ते करावं लागतं. कोरी फाईल उघडायची. पहिल्या ओळीत ही कोणत्या भाषेतली स्क्रिप्ट आहे ते लिहायचं. मग लेखक कोण, तारीख काय, ही कशासाठी. मग बाहेर येऊन त्या फाईलला चालण्याची परवानगी द्यायची, नाहीतर सगळं बरोबर लिहूनही ती हलत नाही. ही परवानगी द्यायला मी दर दोन दिवसांनी विसरायचो आणि अर्धा तास आपल्याच लिखाणात चूक शोधत बसायचो. कंटाळून मी तीसेक ओळींची एक आज्ञा लिहिली. तिचं नाव ठेवलं ‘नवी’. काळ्या पडद्यावर ‘नवी’ टाईप करायचं, पुढे फाईलचं नाव द्यायचं, एंटर मारायचं. फाईल तयार, वरच्या सहा ओळी भरलेल्या, परवानगी दिलेली, आणि कर्सर सातव्या ओळीवर लुकलुकत उभा. मला फार अभिमान वाटला. गणपतीच्या मूर्तींच्या गावातल्या, पेणच्या माणसाला साच्याचं महत्त्व शिकवावं लागत नाही.

पण लेखकाच्या ओळीत काय घालायचं? एरवी हे कॉम्प्युटरलाच विचारता येतं, की सध्या कोण लॉगिन झालं आहे. आमच्याकडे ती सोय नव्हती, कारण सर्व्हरवर सगळ्या विभागाचं मिळून एकच लॉगिन होतं. कायम नोकरीतल्यांना वेगळं लॉगिन मागितलं की मिळायचं, आम्ही आळसाने मागितलं नाही. कंत्राटी माणसाला मात्र मागूनही मिळत नसे. तसा नियमच होता. म्हणजे जो माणूस कंत्राटावर आहे तो दिवसभर त्या मशीनवर राबला तरी मशीनच्या लेखी तो नाहीच. हा नियम कुणी आणि का केला हे मी आजवर शोधून काढू शकलो नाही. माझ्या डोळ्यांदेखत तो इतकी वर्षं चालला, आणि मला तो खटकला नाही, कारण तो माझ्यासाठी नव्हता.

तर त्या ओळीत मी तात्पुरतं म्हणून माझंच नाव घातलं.

आमच्यातली कंत्राटी म्हणजे एकच बाई. वय चाळिशीच्या आसपास, रोह्याशेजारच्या अष्टमी गावात राहायची, नदीवरचा पूल ओलांडून रिक्षाने यायची. माहेर पेणजवळच्या खाडीतलं, मिठागरात काम करणाऱ्यांचं. आमच्याकडे आली ती आकडे टाईप करायला. दोन वर्षांत बघून बघून, विचारून विचारून स्क्रिप्ट लिहायला लागली. मी शिकवलं असं लोक म्हणतात. मी पहिल्या आठवड्यात दोन तास दिले होते, पुढचं तिचं तिने केलं.

‘नवी’ सगळ्यांना दिली त्याच आठवड्यात ती माझ्या टेबलाशी आली.

“सर, याच्यात तुमचं नाव येतंय.”

“येऊ दे ना.”

“पण फाईल मी लिहिते.”

“मग बदला हाताने. नाहीतर राहू दे, काही बिघडलं तर लोक मला विचारतील. तुम्हाला कशाला ताप?”

ती हसली. “ताप तर मलाच देतात सर. शिफ्टवाले फोन करतात ते काय फाईल उघडून नाव बघून करतात?”

खरंच होतं. सांडपाण्याच्या प्लांटवर काही अडलं की ऑपरेटर थेट म्हणत, मॅडमला लावा. मला कुणी लावत नसे. तरी त्या दिवशी ती आज्ञा नाव विचारेल अशी दुरुस्ती मी केली नाही. पाच मिनिटांचं काम होतं. ती मात्र प्रत्येक नवी फाईल उघडली की आधी दुसऱ्या ओळीवर जायची, माझं नाव पुसायची आणि स्वतःचं लिहायची. असं तिने तीसेक फायलींत केलं.

त्यातली एक मला तोंडपाठ आहे. सांडपाण्याचे आकडे तपासणारी. सगळेजण आकडा फार वाढला किंवा फार घटला तरच बघतात. हिने वेगळंच काहीतरी शोधलं होतं. आकडा सलग चार तास जराही हलला नाही, तर तिची स्क्रिप्ट इशारा द्यायची. त्या ओळीच्या वर तिने इंग्रजी अक्षरांत मराठी टीप लिहिली होती, “एवढा वेळ पाणी एकसारखं राहत नाय. मीटर अडकलंय समजा.” पहिल्याच महिन्यात खरोखर एक मीटर अडकलेलं सापडलं. शिफ्टने ते धुऊन साफ केलं आणि कुणीही त्याबद्दल पुढे एक शब्द बोललं नाही.

मग ऑडिट आलं. साहेबांनी सांगितलं, सगळ्या फायलींचा वरचा भाग एकसारखा दिसला पाहिजे, कंपनीचं नाव, विभाग, ठरलेली चौकट. ती त्या आठवड्यात सुट्टीवर होती, आईचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. मी ‘नवी’मधलेच तुकडे घेऊन अजून एक आज्ञा लिहिली. सगळ्या जुन्या फायलींच्या वरच्या ओळी काढायच्या, नव्या चिकटवायच्या. आधी सगळ्याची एक प्रत काढून माझ्या फोल्डरमध्ये ठेवली, तेवढी शिस्त मला आहे. आज्ञा चालवली. पडद्यावर एकेका फाईलचं नाव सरकत गेलं, आणि त्यापुढे नव्याने लिहिलेली ओळ. लेखक, माझं नाव. लेखक, माझं नाव.

मला कळलं. तिथेच, त्याच क्षणी कळलं. हात उचलून थांबवायच्या आत सगळं संपलंही होतं, एवढ्याशा कामाला वेळ किती लागतो. जुनी प्रत होतीच, परत ठेवायला दोन मिनिटं पुरली असती. मी मनात म्हटलं, ऑडिट होऊ दे, मग करू.

ऑडिटला आलेल्या माणसाने फायली उघडून पाहिल्या आणि तो त्या न हलणाऱ्या आकड्याच्या स्क्रिप्टवर थांबला. हे फार कमी ठिकाणी बघायला मिळतं, म्हणाला. साहेबांनी वर नाव वाचलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर मला कंपनीच्या बागेतल्या फुलांचा गुच्छ दिला. मी तो घेतला. फोटो काढताना हसलो. घरी पेणला नेला आणि बायकोने पाणी घालून ठेवला. त्या गुच्छानंतर तोंड उघडणं दर दिवसागणिक अवघड होत गेलं, असं मी स्वतःला सांगत राहिलो. आता वाटतं, अवघड काही नव्हतं. मला तो गुच्छ आवडला होता, एवढंच.

दोन आठवड्यांनी कंत्राटी लोकांतून एकाला कायम करण्यासाठी मुलाखती झाल्या. तिने अर्ज केला होता. नियमात बसायचं तिचं ते शेवटचं वर्ष होतं, पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. हे तिने सगळ्यांना सांगितलं होतं, मलाही. मुलाखत घ्यायला तिघं बसलो. साहेब, मुख्य कार्यालयातले गृहस्थ, आणि तांत्रिक बाजू बघायला मी.

ती ठेवणीतली साडी नेसून आली होती. हातात कागद एकही नाही. तिला वाटलं होतं, काम मशीनवर आहे, तेच दाखवू.

मुख्य कार्यालयातले गृहस्थ म्हणाले, “स्वतः केलेलं एखादं काम दाखवा ना, मॅडम.”

तिने समोरच्या कॉम्प्युटरवर तीच फाईल उघडली. मोठ्या पडद्यावर ती सगळ्यांना दिसली. दुसरी ओळही दिसली.

“हे तर यांचं आहे,” गृहस्थ म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले. “दुसरं बघू.”

तिने दुसरी उघडली. मग तिसरी. चौथी उघडताना तिचा हात माऊसवर थांबला. ती सुट्टीवरून परतल्यावर त्या फायली उघडायचं कारणच पडलं नव्हतं, चालत होत्या त्या.

“मॅडम, सगळीकडे यांचंच नाव आहे. तुमचं काय आहे यात?”

साहेबांनी मला विचारलं, “का हो? यांनी काय केलंय?”

मी म्हणालो, “त्यांनी मदत केली आहे. बरीच मदत केली आहे.”

ती पडद्याकडेच बघत होती. माझ्याकडे तिने मान वळवली नाही. “व्हय,” ती म्हणाली. “मदत केली.”

आठ महिने तो शब्द मला टोचत राहिला. मदत. आमच्या सगळ्या व्यवहाराची लाज या एका शब्दाआड लपते. बाई स्वयंपाकघरात राबते, बागेत राबते, गादीवर बसून दुकान चालवते, आणि विचारलं की घरचे सांगतात, मदत करते. ते ऐकून मला राग यायचा. मी शिकलेला, समंजस माणूस. माझ्यावर वेळ आली तेव्हा मी तोच शब्द वापरला, वर “बरीच” लावून, जणू उपकार.

तिची निवड झाली नाही. कारण लिहून आलं, स्वतंत्र कामाचा पुरावा नाही. हे वाचून माझं डोकं फिरलं. लॉगिन तुम्ही देत नाही, नाव मशीनवर राहू देत नाही, आणि मग पुरावा मागता? बसमध्ये शेजारच्याला हे तावातावाने सांगितलं. तो म्हणाला, “मग तुम्ही होता ना तिथे?” नागोठणे येईपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत बसलो.

ती कामावर येत राहिली. न येऊन कुठे जाईल. फक्त ‘नवी’ वापरणं तिने सोडलं. नवी फाईल हवी असली की कोरी उघडायची, पहिली ओळ स्वतः टाईप करायची, दुसरीत आपलं नाव, मग बाहेर येऊन परवानगी द्यायची. माझ्या मागच्याच टेबलावर. कळांचा आवाज यायचा. जे काम एका शब्दात व्हायचं ते ती सात ओळींत करत होती, आणि घाई करत नव्हती.

बायकोला मी हे सांगितलं ते गणपतीच्या हंगामात. ती पेणमधल्या एका मूर्तींच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करते. जेवणाचा डबा द्यायला दुपारी गेलो होतो. ओळीने कोऱ्या मूर्ती मांडलेल्या, आणि ती एका मूर्तीसमोर बसून ब्रश धरून. मी उभ्याउभ्या सांगून टाकलं. तिने हात थांबवला नाही.

“काय म्हणालात तिला? मदत?”

“घाईत तोंडातून गेलं.”

“आमचा मालक माहितीय ना कसा हाय? बाहेर पाटी त्याची, गिऱ्हाईक त्याचं. पण डोळे कुणी केले म्हणून विचारलं, तर बोट माझ्याकडे करतो. आणि तो तुमच्यासारखा शिकलेला पण नाय.”

“साचा तर माझाच होता ना,” मी म्हणालो. असलं काही बोलायची मला अजूनही हिंमत होते, हेच आश्चर्य.

“साच्यातून काढलेली बघा ती, तिकडे,” ती म्हणाली. “दिसतंय काय तिला? जा आता. डबा ठेवा तिथे आणि जा. आणि आधी त्या बाईकडे जा, माझ्याकडे काय सांगताय.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कंपनीची बस सोडली आणि तिच्या मागोमाग रिक्षाने अष्टमीला गेलो. पुलापलीकडे ती भाजी घ्यायला उतरली होती. मला बघून तिला नवल वाटलं नाही.

“मॅडम, मला माफी मागायची आहे.”

“कशाची?”

“त्या दिवशी मी—”

“सर, इथे नको.” तिने कोथिंबिरीची जुडी परत ठेवली. “इथे कोण ऐकतंय? हा भाजीवाला? त्याला काय करायचंय? जिथे बोललात तिथे बोला. माणसं पण तीच पाहिजेत.”

“ते मुख्य कार्यालयातले तर परत येणार नाहीत.”

“मग फोनवर घ्या त्यांना. तुम्ही कॉम्प्युटरवाले ना?” आणि भाजीवाल्याला म्हणाली, “दे रे, तीच दे.”

मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, आता कशाला उकरून काढता, यादी वर जाऊन किती दिवस झाले. मी जुनी प्रत उघडून दाखवली. ऑडिटच्या आधीच्या तारखा, तीसेक फायली, प्रत्येकीत तिचं नाव. त्यांनी चष्मा लावला, काढला.

“म्हणजे तुम्ही बनवलेलं नाही हे?”

“मी कोरी फाईल बनवतो, सर. आत त्या लिहितात.”

“मग ऑडिटला का नाही बोललात?”

“तुम्ही गुच्छ दिलात. मी घेतला.”

ते चिडले. त्यांची फजिती झाली होती, आणि त्यांना माझ्यापेक्षा तिचाच राग जास्त आला असावा, असं मला त्यांच्या पुढच्या बोलण्यावरून वाटलं. मॅडमनी तेव्हाच का नाही सांगितलं, म्हणाले. मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर आवाज चढवला. सर, सांगून कुणी ऐकलं असतं? पडद्यावर माझं नाव, खुर्चीत मी, आणि मी म्हणतोय मदत. त्यांनी काय सांगायचं होतं? साहेबांनी जुन्या प्रतीतली नावं पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, दहा मिनिटं देतो, पण यादी बदलेल असं समजू नका. अर्जाबद्दल फेरविचार करा असं मी लेखी दिलं, जुनी प्रत जोडली. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. येईपर्यंत त्यांच्या मागे लागणं माझं काम आहे, तिचं नाही.

त्या दहा मिनिटांच्या आधी मी एक केलं. ‘नवी’ दुरुस्त केली. आता ती आधी विचारते, कोण लिहितंय. उत्तर दिल्याशिवाय फाईल बनवत नाही. जुन्या फायलींच्या वरच्या ओळी बदलणारी माझी दुसरी आज्ञाही आता नावाच्या ओळीला हात लावत नाही. पाचच मिनिटं लागली. तिला दाखवली. तिने वाकून वाचली, “बरी आहे,” म्हणाली, आणि आपल्या टेबलावर जाऊन कोरी फाईल उघडून पहिली ओळ हाताने टाईप करू लागली.

गुरुवारी सकाळी त्याच खोलीत बसलो. साहेब, ती, मी, आणि पडद्यावर मुख्य कार्यालयातले गृहस्थ. त्यांना कुठेतरी जायची घाई होती, दोनदा घड्याळ बघितलं त्यांनी. ती मुलाखतीच्या दिवशीच्या खुर्चीवर बसली. मी बसलो नाही. चार ओळी कागदावर लिहून आणल्या होत्या, त्या खिशातच राहिल्या.

मी म्हणालो, “या खोलीत तुम्ही मला विचारलं होतं, यांनी काय केलंय. मी म्हणालो, मदत. ते खोटं होतं. मदत मी केली होती, वरच्या सहा ओळींची. खालचं सगळं यांनी लिहिलंय, न हलणाऱ्या आकड्याचं सुद्धा, ज्याच्यावर मला गुच्छ मिळाला. यांचं नाव माझ्या आज्ञेने पुसलं गेलं, ते मी त्याच दिवशी पाहिलं होतं, आणि जुनी प्रत माझ्याकडे होती. मुलाखतीच्या वेळीही होती.”

मग मी तिच्याकडे वळलो. ती या वेळी माझ्याकडे बघत होती.

“मॅडम, नाव पुसलं गेलं ती माझ्या हातून झालेली चूक. पण इथे तुमच्या समोर बसून मी गप्प राहिलो, ते मी जाणूनबुजून केलं. तुमचं शेवटचं वर्ष आहे हे मला माहीत होतं, तरी केलं. मला माफ करा.”